दिवस राहण्याआधी मूत्रपिंडाची चौकशी

तीन वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातील एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले होते. लग्नाला चार वर्षे झालेली, मूलबाळ नाही. बाईच्या पिशवीत वंध्यत्वाच्या उपचारांची जाडजूड फाईल होती. पण त्या दिवशी ती त्यासाठी आलीच नव्हती. पंधरा दिवसांपासून सकाळी मळमळते, उलटी होते, अंगात त्राण नाही, अन्नाचा वास नको वाटतो, ही तिची तक्रार. पाळी येऊन चार महिने झाले होते. बरोबर आलेल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "डॉक्टर, आधी लघवी तपासा. बातमी गोडच असंल," असे त्या मला म्हणाल्या.

लघवी तपासली. गरोदरपणाच्या पट्टीवर एकच रेघ उमटली. मग दुसरी पट्टी, प्रथिनांची, बुडवली. ती मात्र बघता बघता गडद हिरवी झाली. रक्तदाब १७० वर ११०. पापण्यांच्या आतला भाग पांढराफटक. रक्त तपासायला पाठवले, संध्याकाळी अहवाल आला : क्रिएटिनिन साडेसहा, हिमोग्लोबिन सात. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. उलट्या दिवस गेल्याच्या नव्हत्या, रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांच्या होत्या.

रात्री मी ती फाईल चाळली. गर्भाशयाची सोनोग्राफी तीनदा, गर्भनलिकांचा एक्स-रे, थायरॉईड, निरनिराळी हॉर्मोन्स, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाच, तीही दीड वर्षानंतर. प्रोलॅक्टिन नावाचे हॉर्मोन वाढलेले सापडले म्हणून ते उतरवण्याच्या गोळ्या आठ महिने चालू होत्या. दोन वर्षांच्या त्या कागदांत रक्तदाबाची नोंद फक्त एका ठिकाणी होती, १५० वर १००, आणि तिच्यापुढे लिहिले होते 'भीतीमुळे'. क्रिएटिनिन कोठेच नव्हते. हे कोणी केले ते सांगण्यात अर्थ नाही. माझ्या हातूनही चुका झाल्या आहेत, त्यातली एक पुढे येणारच आहे.

मूत्रपिंडाचा आणि मूल होण्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. मूत्रपिंड म्हणजे लघवी तयार करणारा अवयव, एवढीच आपली समजूत असते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्राव गाळतात; त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत जातो. पण गाळण्याखेरीज आणखीही कामे या अवयवाकडे आहेत. रक्तदाबावर त्याची नजर असते, रक्त वाढवणारे द्रव्य तोच तयार करतो, हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व तोच उपयोगी स्वरूपात आणतो, आणि काम झालेली हॉर्मोन्स शरीराबाहेर काढण्यातही त्याचा वाटा असतो.

प्रोलॅक्टिन हे त्यांपैकीच एक. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी ते स्रवते. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी काही महिने येत नाही ती मुख्यतः याच्यामुळे. मूत्रपिंडे थकली की प्रोलॅक्टिनचा निचरा कमी होतो, ते रक्तात साठते आणि शरीराची समजूत अशी होते की जणू ही बाई बाळाला पाजतेच आहे. दुसरीकडे, महिन्याच्या मध्यावर बीजकोशातून बीज सुटण्यासाठी मेंदूकडून जो जोरदार इशारा यावा लागतो तोही येईनासा होतो. बीज सुटत नाही. पाळी पुढे पुढे जाते, कधी अंगावरून खूप जाते, कधी महिनोन्‌महिने बंद. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. गोळ्यांनी प्रोलॅक्टिनचा आकडा उतरत होता आणि ज्या मूत्रपिंडांमुळे तो चढला होता त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

मूत्रपिंडाचे दुखणे बहुधा दुखत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे निम्म्याहून अधिक काम थांबले तरी माणूस शेतात जातो, भाकऱ्या थापतो, लग्नात नाचतो. 'किडनी दुखते' म्हणून कंबर धरून येणाऱ्या दहा बायकांपैकी बहुतेकींचे मणके किंवा स्नायू दुखत असतात. आणि जिचे मूत्रपिंड खरोखर आजारी असते ती अंगात कसर आहे म्हणून टॉनिक मागायला येते. आपल्याकडे मुतखडा घरोघरी आहे, म्हणून त्याचेही सांगतो : साध्या खड्याने वंध्यत्व येत नाही. गरोदरपणात खडा दुखला तर सोनोग्राफी निर्धास्त करावी. एवढे पुरे.

पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे मात्र समजू नये. मूत्रपिंडाचा विकार सौम्य असेल तर गर्भधारणा इतर बायकांसारखीच होते. विकार बराच वाढलेल्या, अगदी डायलिसिसवर असलेल्या स्त्रीलाही कधीतरी अवचित बीज सुटते आणि दिवस राहतात. पाळी येतच नाही म्हटल्यावर कोणाला शंकाही येत नाही. चार-पाच महिने होऊन पोट दिसू लागते तेव्हा धावपळ सुरू होते. डायलिसिसवरच्या बाईच्या बाबतीत रक्तातील गरोदरपणाची चाचणीही दिवस नसताना थोडी वाढलेली दाखवू शकते, त्यामुळे खात्री सोनोग्राफीनेच करावी लागते. अशा स्त्रीला मूल नको असेल तर गर्भनिरोधक साधन हवेच, आणि तेही विचारून. रक्तदाब असलेल्या बाईने औषधाच्या दुकानातून पाळणा लांबवण्याच्या नेहमीच्या मिश्र गोळ्या आणून घेऊ नयेत, त्यांनी दाब चढतो. तांबी बहुतेकींना चालते.

दिवस राहिल्यावर मूत्रपिंडांवर किती भार येतो हे पाहण्यासारखे आहे. गरोदर बाईच्या अंगातील रक्ताचे प्रमाण नऊ महिन्यांत जवळजवळ दीडपट होते. मूत्रपिंडे सुमारे एक सेंटिमीटरने लांब होतात आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच गाळण्याचा वेग निम्म्याने वाढवतात. निरोगी मूत्रपिंडे हे सहज पेलतात, म्हणून गरोदर बाईच्या रक्तातील क्रिएटिनिन इतरांपेक्षा कमी असते, साधारण ०.४ ते ०.८. आता गंमत पाहा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर 'नॉर्मल' म्हणून १.१ किंवा १.२ पर्यंतचा आकडा दिलेला असतो. पाच महिन्यांच्या गरोदर बाईचा आकडा १.० आला तर त्याखाली लाल रेघ नसते, घरचे निर्धास्त होतात, घाईत असलेला डॉक्टरही होतो. वास्तविक हा आकडा त्या बाईच्या बाबतीत धोक्याची घंटा असते. चाळीस किलो वजनाच्या, गरोदर नसलेल्या बारीक चणीच्या मुलीच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि तिच्या अंगावर स्नायूच कमी असतात. तेव्हा कागदावर 'नॉर्मल' छापले आहे एवढ्यावर थांबू नये. हा आकडा कोणाचा, कोणत्या महिन्यातला, हे डॉक्टरांना विचारावे. विचारलेले कोणी मनाला लावून घेत नाही, आणि घेतले तरी हरकत नाही.

आता माझी चूक. १९९८ साली मी नुकताच दवाखाना सुरू केला होता. बाजाराचा दिवस, बाहेर चाळीस माणसे. सातवा महिना लागलेली एक पहिलटकरीण आली, पाय सुजले म्हणून. मी अंगठ्याने घोटा दाबून पाहिला, खळगा पडला. 'गरोदरपणात पाय सुजतातच, रात्री पायाखाली उशी घ्या, मीठ कमी करा,' असे सांगून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्तदाबाचे यंत्र टेबलावर माझ्या हाताशी होते. दंडाला घट्ट असलेली बाही वर सरकत नव्हती, ती आत जाऊन सैल करून येते म्हणाली, मी म्हटले राहू दे. अकराव्या दिवशी रात्री तिला झटके आले. जीपमधून नगरला नेले. बाई वाचली, मूल गेले. तिचा रक्तदाब पुढे उतरलाच नाही. वर्षभराने तपासण्या झाल्या तेव्हा मूत्रपिंडाचा विकार गरोदरपणाच्याही आधीपासून असावा असे निदान झाले. त्या दिवशी दोन मिनिटे दिली असती तर काय झाले असते, हे मी आजही स्वतःला विचारतो. तेव्हापासून गरोदर बाई सर्दीसाठी आली तरी दाब मोजल्याशिवाय आणि लघवी पाहिल्याशिवाय दवाखान्याबाहेर जात नाही.

पाच महिन्यांनंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आणि लघवीतून प्रथिने जाणे, या जोडीला आम्ही प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, तोंड-हात सुजणे ही त्याची पुढची लक्षणे; ती दिसली तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रपिंड आधीपासून आजारी असलेल्या स्त्रीला हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे होण्याची शक्यताही वाढते. पुष्कळदा मूत्रपिंडाचा जुना आजार पहिल्यांदा उघडकीला येतो तो या गरोदरपणातच, कारण त्याआधी त्या मुलीचा दाब कोणी मोजलेलाच नसतो. लग्नाआधी पत्रिका दोनदा पाहतात, दाब एकदाही नाही.

लघवीतील प्रथिने पाहायला मोठे यंत्र लागत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा परीक्षानळीत लघवी घेऊन तिचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवत असू. ढगासारखा पांढरा साका दिसला की ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. साका विरला तर ते क्षार, काळजी नाही. टिकला तर प्रथिने. अंडे उकळल्यावर पांढरे घट्ट होते तसाच हा प्रकार. आज पट्टीने अर्ध्या मिनिटात काम होते आणि ती तपासणी आरोग्य केंद्रात फुकट आहे. फक्त नमुना नीट द्यावा. अंगावरून पांढरे जात असेल तर ते लघवीत मिसळून पट्टी उगीचच हिरवी होते. म्हणून आधी स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी बाटलीत घ्यावी. हे कोणी सांगत नाही आणि बायका विचारायला लाजतात.

ज्यांच्यासाठी ही तपासणी सर्वांत गरजेची, त्यांच्याच वाट्याला ती येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागताना परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई गरोदर असली तरी तिने मोळी उचलायची, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटे फडात जायचे, आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायचे नाही, लघवी दाबून धरायची. परिणाम व्हायचा तोच होतो. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढलेले गर्भाशय त्यांना दाबते, विशेषतः उजव्या बाजूला. लघवी तुंबून राहते आणि जंतूंना आयते घर मिळते. शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. उपचार केला नाही तर त्यातल्या बऱ्याच जणींमध्ये ते वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. मग हुडहुडी भरून ताप, कुशीत कळ, आणि त्या तापाने कळा सुरू होऊन दिवसांआधीच बाळंतपण. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत एकदा लघवीचे कल्चर करावे. गोळ्याही ठरावीकच चालतात. जळजळ होते म्हणून गरोदर बाईला दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन आणून देऊ नये.

जळजळ आणि अंगावरून जाणे या तक्रारींवर लघवी न तपासता थेट 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तिशीच्याही आतल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की २०१९ साली सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

आणि या बायकांना तपासण्या मिळूच शकत नाहीत असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातील बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. गरोदर बाई हुडकणे, तिची नियमित तपासणी, धोक्याच्या खुणा ओळखून वेळेत दवाखान्यात पाठवणे ही कामे त्या करू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव आशाताई आहेत त्यांच्या कल्पनेचे मूळ शोधायला निघालेला माणूस जामखेडला पोचल्यावाचून राहणार नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईने आपले कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत न ठेवता बरोबर न्यावे आणि जेथे कारखाना असेल तेथील केंद्रात दाखवावे. कार्ड कोठेही चालते.

आता ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे हे आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठी. मूल होऊ देऊ नका, असा सरसकट सल्ला आमच्या विद्यार्थिदशेत दिला जाई. आता तसे नाही. क्रिएटिनिन साधारण १.४ च्या आत, रक्तदाब काबूत आणि लघवीतील प्रथिने थोडी असतील तर बहुतेक गरोदरपणे व्यवस्थित पार पडतात आणि मूत्रपिंडाचेही फारसे नुकसान होत नाही. आकडा त्याहून वर असेल तर मुलाला आणि आईला, दोघांनाही धोका वाढतो. दोनच्या वर गेला असेल तर साधारण तिघींपैकी एकीचे मूत्रपिंड गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वेगाने ढासळते, आणि तिला लवकरच डायलिसिसची वेळ येऊ शकते. हे नवरा-बायकोला समोर बसवून, सासूला बाहेर बसवून, स्पष्ट सांगावे लागते. ते मी सांगतो. निर्णय मात्र त्यांचा.

औषधांची गोष्ट याहून महत्त्वाची. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तदाबासाठी आणि प्रथिने रोखण्यासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या देतात. एरवी त्या मूत्रपिंडाच्या रक्षक, पण चौथ्या महिन्यापासून पुढे गर्भाच्या मूत्रपिंडांचे मोठे नुकसान करतात. हे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये, तसे केल्यास दाब उसळेल. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना सांगावे. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी औषधे आहेत. पाळी चुकून चाचणी बदलण्याआधीच आली तर त्याच दिवशी कळवावे. ल्युपस या आजारात मूत्रपिंड आणि सांधे दोन्ही धरतात आणि तो ऐन तरुण मुलींना होतो. त्यात वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड बीजकोश कायमचे निकामी करू शकते, म्हणून ते सुरू होण्याआधीच मुलांचा विषय काढावा. आजार किमान सहा महिने शांत असल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या गरोदर बाईला तीन महिने पूर्ण झाल्यावर, चौथा संपायच्या आत, रोज ॲस्पिरिनची लहान मात्रा, ७५ ते १५० मिलिग्रॅम, सुरू करतात. त्याने प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. गोळी रुपया-दोन रुपयांची, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक, आणि कोणी दिलेली बिनालेबलची भस्मे, ही मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने गरोदर असो नसो घेऊ नयेत.

गरोदरपणच मूत्रपिंड बिघडवते असेही घडते. बाळंतपणात फार रक्त गेले किंवा जंतुदोष झाला तर निरोगी मूत्रपिंडे दोन दिवसांत बंद पडतात. एके काळी चोरून, अस्वच्छ हातांनी केलेले गर्भपात हे याचे मोठे कारण होते. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली आणि पुढे १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तर त्या कायद्याने सुरक्षित मार्ग मोकळा आहे, तरी आजही काही जणी गोळ्या आणून घरी घेतात आणि रक्तस्राव होऊन आमच्याकडे येतात. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईनेही बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी दाब आणि लघवी पुन्हा तपासावी. नॉर्वेमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या गरोदरपणात हा त्रास झालेल्या स्त्रियांत पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या चार-पाच पट आढळले. मुळात असे होणाऱ्या बायका फार थोड्या, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण बाळाला डोस द्यायला आपण जातोच, तेव्हा दंडाला पट्टा बांधून घ्यायला काय जाते?

डायलिसिसवर असताना मूल होऊ शकते का? होऊ शकते, पण फार कष्टाने. आपल्याकडे बहुधा आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, चार-चार तास डायलिसिस होते. गर्भाला हे पुरत नाही. कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१४ साली दाखवले की आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस मिळालेल्या गरोदर स्त्रियांपैकी ८५ टक्के जणींना जिवंत मूल झाले. ज्यांना २० तास किंवा कमी मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. नगर जिल्ह्यातल्या बाईने आठवड्याला ३६ तास मशीनवर कसे काढायचे, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. म्हणून अशा स्त्रीने आधी प्रत्यारोपण, मग मूल, हाच क्रम धरावा.

प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांतच पाळी सुरू होते. १९५६ साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एडिथ हेल्म या तरुणीवर तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले. दोन वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये तिला मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतरचे हे जगातले पहिले बाळंतपण. तेव्हापासून जगभर हजारो मुले अशी जन्माला आली आहेत. नवे मूत्रपिंड ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवलेले असते, तरी बाळंतपण नैसर्गिकही होऊ शकते. अट एवढी, की शस्त्रक्रियेनंतर किमान एक ते दोन वर्षे जावीत, मूत्रपिंड नीट चालत असावे, दाब आणि लघवी स्वच्छ असावी.

मूत्रपिंड देणारीचाही विचार व्हायला हवा. आपल्या घरांत देते ती बहुधा आई, बायको किंवा बहीण. देणारी तरुण असेल आणि तिची मुले व्हायची असतील तर तिला हे आधी सांगितले पाहिजे, की एका मूत्रपिंडावर बाळंतपण व्यवस्थित होते, पण रक्तदाबाचा त्रास अधिक होतो. कॅनडातील २०१५ च्या अभ्यासात दात्या स्त्रियांत तो शंभरात ११ जणींना झाला, इतरांत ५ जणींना. बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर तिच्याऐवजी दुसरे कोणी आहे का, हे मी तरी आधी विचारतो.

पारनेरच्या त्या मुलीला आईने मूत्रपिंड दिले. आठ महिने डायलिसिस महात्मा फुले योजनेतून झाले, शस्त्रक्रिया पुण्याला झाली. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, तेव्हा तिने मला फोन करून सांगितले. प्रोलॅक्टिनचा आकडा गोळीशिवाय खाली आला होता. आता दोन वर्षे होत आली, क्रिएटिनिन १.१ आहे आणि मागच्या महिन्यात ती एकटीच येऊन बसली. घरात पुन्हा महिने मोजणे सुरू झाले आहे. तिच्या गोळ्यांत मायकोफेनोलेट आहे. त्याने गर्भात व्यंग येते, म्हणून दिवस राहू देण्याआधी ते थांबवून ॲझाथायोप्रिन द्यावे लागते आणि निदान सहा आठवडे मध्ये सोडावे लागतात. बदललेल्या गोळीवर मूत्रपिंड कसे राहते हे पाहायला पुण्याचे डॉक्टर आणखी थोडे थांबा म्हणत आहेत. तोवर साधन वापरायचे, असे मी तिला सांगितले. सासूबाईंना हे कसे सांगू, असे तिने विचारले. त्यांना पुढच्या खेपेला बरोबर घेऊन या, मी सांगतो, असे म्हटले आहे. गुरुवारी त्या दोघी येणार आहेत.